तो नंबर बंद करू नका

९ सप्टेंबर
प्रशिकचा पुन्हा मेसेजच. फोन नाही. ‘दीदी, मी ठीक आहे. कामाचा व्याप जास्त आहे. आईची काळजी घे.’ शुद्ध मराठी, पूर्णविरामासकट. हा मुलगा जन्मात मला दीदी म्हणाला नाही. ताई, नाहीतर तायडे. आणि मराठी लिहायचा ती इंग्रजी अक्षरांत, निम्मी अक्षरं गिळून. बँकॉकला डेटा एन्ट्री करून शुद्धलेखन सुधारतं?
आईला वाचून दाखवलं. ‘दीदी’च्या जागी ‘ताई’ वाचलं.

१३ सप्टें.
ज्या एजंटने त्याला पाठवलं, त्याच्या इथल्या द्वारका चौकाजवळच्या ऑफिसला जाऊन आले. तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. दुकानदार म्हणाला, “ते लोक कधीच गेले. तुम्ही पहिल्या नाही विचारणाऱ्या.”
बाहेर येऊन प्र.च्या जुन्या नंबरवर फोन लावला. आधी ती सरकारी बाई बोलते, अनोळखी कॉलला घाबरू नका, फसू नका. तिचं सगळं ऐकून घ्यावं लागतं. मग कळतं, फोन बंद आहे.

२२ सप्टें.
जसं झालं तसं लिहिते.
दुपारी चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. डबा उघडत होते. अनोळखी नंबर. “मॅडम, आपके नाम का एक पार्सल पकड़ा गया है.”
प्रशिक.
आवाज त्याचाच, पण आतलं माणूस काढून घेतल्यासारखा. मी म्हटलं, “प्रशिक? अरे, ताई बोलतेय.” तो थांबला नाही. “आप अकेली हैं? दरवाज़ा बंद कीजिए.” मी खरंच उठून डोळे तपासायच्या खोलीचं दार लावलं. मागे कितीतरी माणसं एकदम बोलत होती. सगळ्यांचं तेच वाक्य, वेगवेगळ्या भाषांत. कुणीतरी अगदी त्याच्या जवळ खाकरलं.
“जन्मतारीख बताइए.” मी माझी नाही, त्याची सांगितली.
त्यावर हळूच, “मॅडम, फोन मत काटिए.”
मी नाही ठेवला. तिकडूनच बंद झाला.
आईला सांगितलं नाही. ती विहारात वाचनाला गेली होती, आली ती प्रसन्न चेहऱ्याने.

२३ सप्टें.
सायबर पोलिसातल्या मॅडमना भेटले. तरुण आहे, माझ्याहून लहानच. बाकांवर माणसं ताटकळलेली, सगळी आपापल्या मोबाइलकडे साप पाहावा तशी बघत.
“पैसे गेले का?”
“नाही. फोन करणारा माझा भाऊ आहे.”
तिने पेन खाली ठेवलं. सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, “तिकडे पोरांना डांबून ठेवतात. पासपोर्ट काढून घेतात, मोबाइल पण. मग त्या मोबाइलमधल्याच नंबरांवर कॉल करायला लावतात. गावचे लोक, त्यांची भाषा, घरची माहिती, सगळं आयतं.”
“मग तुम्ही काय करू शकता?”
“नंबर लगेच बंद करायला टाकते. माणूस सोडवायचं मात्र दिल्लीहून होतं. तुम्ही अर्ज द्या, मी पाठवते.”
“नंबर नका बंद करू.”
तिने पेन पुन्हा उचललं. “मॅडम, त्याच नंबरवरून आज आणखी कुणाला तरी फोन गेला असेल.”
मी तिला नंबर दिला नाही. म्हटलं, दिसलाच नाही.

२९ सप्टें.
दिल्लीहून उत्तर. अर्ज मिळाला. एवढंच.

४ ऑक्टो.
खालच्या मजल्यावरचे शेख काका बरेच दिवस दिसले नव्हते. ओझरच्या कारखान्यातून रिटायर झालेले, एकटेच असतात. प्र.ला सायकल त्यांनी शिकवली. आज दार ठोठावलं. दाढी वाढलेली, पडदे ओढलेले.
“बेटा, मी अटकेत होतो. इथंच, घरात.”
व्हिडिओ कॉलवर कुणी वर्दीतला. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. नमाजला उठायचं तर विचारून. कुणाशी बोललात तर मुलीला उचलू म्हणाले. बँकेत होतं ते सगळं गेलं.
“एक ओरडायचा. दुसरा पोरगा नरम होता. मी रडलो तर हळूच मराठीत म्हणाला, काका, पाणी प्या.” मग, “आवाज कुठंतरी ऐकल्यासारखा वाटला.”
मी पंख्याकडे बघत बसले.
“तक्रार करायचीय. तू चल ना. मला त्या मोबाइलची आता भीती वाटते.”
त्यांच्या फोनमध्ये नंबर बघितला. तोच. त्यांना पहिला कॉल, मला आला त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. मी मॅडमकडून परतले, तेव्हा खाली काका त्याच्यासमोर बसलेले असणार.

६ ऑक्टो.
काकांना घेऊन गेले. यावेळी नंबर मीच वाचून दाखवला, एकेक आकडा. मॅडमना सगळं कळलं असावं. आधी मला पाणी दिलं. तिने काकांच्या समोरच बँकांना फोन लावले. काही रक्कम अडवता आली, बाकीची कुठल्या कुठे गेली. संध्याकाळच्या आत नंबर बंद. इतकं झटपट.
सरकार काहीच करत नाही असं कसं म्हणू? नंबर शोधतात, तोडतात. नंबराच्या पलीकडे जो बसलाय, त्याच्यापर्यंत पोचायची वेळ आली की ‘अर्ज मिळाला’.
रिक्षात काका म्हणाले, “तू का रडतेस? गेलं ते माझं गेलं.” त्यांना सांगायला हवं होतं. घर आलं.

१९ ऑक्टो.
मेसेजही बंद झाले. ‘दीदी’चीसुद्धा वाट बघते आता.

२ नोव्हेंबर
बाजारातून आले तर आई माझ्या फोनवर बोलत होती. मी चार्जिंगला लावून गेले होते. दारातच थांबले. पलीकडे ती गर्दी, तो एकसुरी गोंगाट. आई म्हणत होती, “जेवलास का? तोंड कोरडं पडलंय तुझं. असू दे, तू तुझं बोल, मी ऐकतेय.” आणि तो हिंदीत बोलत राहिला, पार्सल, कस्टम, दरवाज़ा. ती मधेमधे “हं” म्हणत होती, पोराची गोष्ट ऐकताना हुंकार द्यावा तसं.
ठेवल्यावर मी विचारलं, “कोण होतं?”
“कुणी नाही. राँग नंबर.”
डोळे कोरडे. तिला केव्हापासून माहीत आहे, विचारायचा धीर झाला नाही.
नंबर नवा आहे. मॅडमनी सांगून ठेवलंय, नवा दिसला की त्याच क्षणी कळवा, उशीर म्हणजे आणखी एक घर. मॅडमना मेसेज टाइप केलाय, नंबराचे सगळे आकडे. खालून काकांच्या रेडिओचा आवाज येतोय, आज कितीतरी दिवसांनी लावलाय त्यांनी. आई म्हणते, फोन चार्ज करून ठेव, पुन्हा येईल.
अजून पाठवलेला नाही.