वस्तीला हाय जी

२४ जानेवारी १८८१, सोमवार. कल्याण.

हरिहरच्या चिठीत ऱ्हस्व-दीर्घाच्या नऊ चुका! एके काळी माझ्या शाळेत शिकला. आता खानेसुमारीचा तपासनीस आहे आणि मी त्याच्या हाताखालचा गणनदार. चिठी दुरुस्त करून परत पाठविली.

माणसांची मोजणी १७ फेब्रुवारीच्या रात्री. तोपर्यंत कच्ची यादी. मजकडे रुळांपलीकडच्या खोप्या आल्या आहेत. दुष्काळात नगरकडून उतरलेली माणसे. रेल्वेसाठी खडी फोडतात. पहिल्या दारी गुणाजी नावाचा मनुष्य. विचारले, "येथे राहता काय?" म्हणाला, "आमी हितं वस्तीला हाय जी." पुढच्या दारी तेच. त्याच्या पुढेही तेच. वस्तीला, म्हणजे रात्रीच्या मुक्कामास. अर्थ स्वच्छ! एकसष्ट दारे फिरस्त्यांच्या पत्रकात घातली. दोन तासांत काम उरकले.

२७ जानेवारी, गुरुवार.

हरिहर स्वतः घरी आला. आनंदात होता. "मास्तर, तुम्ही तर आमचं मोठंच काम केलंत! फिरस्ते ठरले म्हणजे शिमग्याआधी उठवता येतील. आमच्या मंडळींना तिथं वखार घालायचीय."

मला हे रुचले नाही. पण शब्दाचा अर्थ मी थोडाच ठरवतो?

२ फेब्रुवारी, बुधवार.

आज वये तपासण्यास पुन्हा गेलो. गुणाजीची आई हौसाबाई दारात बसली होती, मांडीवर नात.

"ही केवढी?"

"तीन सरली."

"जन्म कोठला?"

"हितलाच की! ह्याच खोपीत."

"मग वस्तीला आहोत, असे का सांगितलेत?"

म्हातारी माझ्या तोंडाकडे पाहतच राहिली. "अवो मास्तर, वस्तीला हाय म्हंजे ऱ्हातो! आमच्याकडं रानात घर बांधून ऱ्हात्यात, त्याला वस्ती म्हनत्यात. मुक्कामाला असतो तर मुक्कामाला म्हनलो नसतो व्हय? चाळीस वरसं पोरं शिकिवली म्हनं तुमी!"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. हसोत.

विभक्ती बरोबर, वाक्य बरोबर, अर्थ चूक. आणि चूक बोलणाऱ्याची नव्हे, ऐकणाऱ्याची — माझी! चार वर्षे नांदणारी एकसष्ट घरे मी एका प्रत्ययावर उठविली.

३ फेब्रुवारी.

हरिहरकडे गेलो. यादी बदल, म्हणालो. चूक माझी आहे, असे लेखी देतो, म्हणालो. आयुष्यात प्रथमच!

हसला. "मास्तर, तुमच्याच हातची यादी. आणि तुमची चूक होते होय कधी? छड्या खाल्ल्यात आम्ही त्यापायी!"

कारकून खिदळले.

"अर्थाची चूक झाली आहे," मी म्हणालो, "छडी मला मार, पण यादी सुधार."

"दमलात तुम्ही. घरी जा."

९ फेब्रुवारी, बुधवार.

काम काढून घेतल्याची चिठी आली. पाच चुका. दुरुस्त करून परत.

१२ फेब्रुवारी, शनिवार.

गणनदारांच्या नियमांचे पुस्तक दोनदा वाचले. त्यात स्पष्ट आहे : ज्याचे गावात घर आहे त्यास फिरस्त्यांच्या पत्रकात घालू नये, मोजणीच्या रात्री तो ज्या घरी सापडेल, त्या घराच्या पत्रकात लिहावा.

त्या घराच्या पत्रकात! म्हणजे त्या रात्री मी गुणाजीच्या खोपीत सापडलो, तर तिचे घर म्हणून पत्रक काढावेच लागेल. आणि एक खोपी घर ठरली की शेजारची हुबेहूब तशीच खोपी फिरस्त्याचे पाल कशी ठरेल? बघू या हरिहर कोणते व्याकरण लावतो!

भाऊला सांगितले. पोटचा मुलगा, पण चेहरा असा केला की जणू मी चोरीस निघालो आहे. "आबा, त्यांच्यात जाऊन निजणार? पाणी कुणाचं पिणार?"

"ज्याच्या घरी असेन त्याचे."

"तुम्ही गेलात, तर मग परत—"

वाक्य अर्धेच सोडले. मी म्हणालो, क्रियापद घाल. घातले नाही.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार.

काल दिवे लागताच गेलो. गुणाजीची जात येथे लिहीत नाही. सरकारी पत्रकात लिहिली गेली आहे, तेवढे पुरे. हौसाबाई पाणी देईना. "पाप लागंल मास्तर आमास्नी." मी घागरीतून आपल्या हाताने घेतले आणि प्यालो.

हरिहर कंदील घेऊन दोन कारकुनांसह आला. मला पाहून जागीच थबकला.

"मास्तर! उठा, घरी चला."

"मी घरीच आहे. लिही."

"सायेब, आमचं पावनं हायती त्ये," गुणाजी म्हणाला.

"ऐकलेस? पाहुणा घराला असतो, पालाला नव्हे. बैस आणि लिही. की नियमाचे कलम वाचून दाखवू? तुझे कारकून साक्षीला आहेतच."

त्याने कारकुनांकडे पाहिले. मग म्हणाला, "भाऊला हे कळलं तर—"

"कळले आहे. लिही."

लिहिले! घर पहिले. घरधनी गुणाजी, रहिवासी. पाहुणा एक. मग दुसरे दार, तिसरे. मी काठी टेकत बरोबर हिंडलो. प्रत्येक दारी आतून सांगत, "वस्तीला हाय जी," आणि हरिहर माझ्याकडे न बघता "राहतात" असे लिही. एकसष्टावे दार झाले तेव्हा त्याची बोटे शाईने काळी झाली होती. "रहिवासी" सतरा ठिकाणी "रहीवाशी" लिहिले होते. तेथल्या तेथे सुधारून घेतले. पत्रके सकाळच्या गाडीने ठाण्यास गेली.

२१ फेब्रुवारी.

सूनबाई विमलाबाईने माझे ताट, तांब्या व अंथरूण हमालाबरोबर रुळांपलीकडे पाठविले. निरोप काही नाही. हौसाबाईस विचारले, चूल कोठे मांडू.