होणाऱ्या जावयाचे थंड पाय

ति. दाजींस लडकूचा नमस्कार.

आक्काची कंबर आता कशी आहे? तुमची तब्येतही ठणठणीत असू दे, कारण आजारी माणसावर राग काढायची आपल्यात पद्धत नाय, आणि मला आज तुमच्यावर राग काढायचाय.

अहो, माझ्या भाविकाच्या सोयरिकीत तुमी मध्यस्थ. लग्न तोंडावर, मांडवाचे बांबू तोडून झालेले, आणि तुमी मोबाईलवर काय लिहून धाडता? ‘अमोलला कोल्ड फीट आलेत.’ बस्स! पुढे फोन बंद. दाजी, मी सातवी पास आहे. कोल्ड म्हणजे थंड, फीट म्हणजे पाय. (शिंप्याचं फूट वेगळं, तेवढं मला कळतं.) भाविकाच्या आईनं, जनाबाईनं तर गळाच काढला, नवऱ्या मुलाचे पाय गार पडले म्हणजे काय खरं नाय म्हणून. भाविका काय तरी सांगू बघत होती, पण तिला बोलू देतो कोण? मोहाच्या तेलात लसूण कढवला, म्हशाच्या जत्रेत घेतलेली घोंगडी काखेत मारली आणि तडक कसारा गाठलं.

तिथं नवरदेव खुर्चीत बसून चहा ढोसतोय! मी खाली बसलो, त्याचे पाय मांडीवर घेतले आणि लागलो चोळायला. (मांडवात जावयाचे पाय धुवायचेच असतात, म्हटलं आधी चोळले तर काय बिघडलं?) पाय गरम, दाजी, माझ्यापेक्षा गरम! मला वाटलं तापपण चढला, म्हणून घोंगडी टाकली अंगावर. तोवर दारात सगळी आळी गोळा. त्याची आई म्हणते, “बघ रे, पोरीचा बाप तुझे पाय धरतोय, आता तरी हो म्हण!” तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की नवरदेव लग्नाला घाबरलाय आणि त्यालाच इंग्रजीत पाय थंड होणं म्हणतात. अहो, मग ‘पोरगा कच खातोय’ हे तीन शब्द लिहायला तुमची बोटं झडली होती काय? शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. घोंगडी ओढून घेतली आणि तेलकट हातांनीच घरी आलो.

आता अमोलला माझी दया आलीय. म्हणतो, करतो लग्न. पण भाविका म्हणते, माझ्या बापाला पाय चोळू दिले आणि तोंडातून ‘पुरे’ निघालं नाय, असला नवरा मला नको. खरं सांगतो दाजी, मला भरून आलं.

तुमचा तापलेला मेव्हणा,
लडकू

ता. क. खरं काम हे, की अमोलच्या घरी तुमीच जा आणि ‘नाय’ म्हणून सांगा. तोंडानं, आणि मराठीत.

ता. क. दुसरं. मी भाविकाला विचारलं, मुरबाडचं एक स्थळ आहे, बघू का? ती म्हणाली, “आय ॲम गुड.” म्हणजे तिची तयारी दिसते. पोर मोठी गुणाची. (दुसरी भाकरी वाढायला गेलं तरी ताटावर हात आडवा धरून हेच म्हणते.) रविवारी ती माणसं बघायला येतायत, तुमीपण या.