उष्ण पडलेली सुई

शिरूर, १९६१

डॉक्टरसाहेबांस हुसेनबीचा सलाम.

हे पत्र मी तुमच्या हाती देणार न्हाई. तुम्ही दवाखान्यात नवीन आलाय, तुमच्यावर राग काढून काय करू?

माझ्या मालकांना, नबीलालना, क्षयाच्या सुया चालू होत्या. खोकला उतरणीला लागला, तवाच दंडावर पुरळ उठलं आन् अंगभर पसरलं. घरात सगळे म्हणाले, औषध उष्ण पडलं. मलाबी तसंच वाटलं. सुया बंद केल्या, सब्जा पाजला, ताक दिलं. पुरळ गेलं. सासूबाईंनी दर्ग्यावर मलिदा दिला. पुढं खोकला परत आला आन् पावसाळ्यात ते गेले.

काल माझ्या लेकीला, शहाबानोला, खोकला दाखवायला आणलं, तर तुम्ही तिलाबी त्याच सुया सांगितल्या. मी मालकांच्या पुरळाचं सांगितलं, म्हणाले, आमच्या घराला सोसत न्हाईत. तवा तुम्ही मान खाली घातली. म्हणाला, औषध चांगलंच होतं. इथं आल्यावर तुम्ही बघितलं, जंतू मारायच्या लायसॉलमध्ये ठेवलेली पिचकारी कंपाउंडर काढायचा आन् तशीच टोचायचा. उकळलेल्या पाण्यानं धूतच नव्हता. पुरळ त्या लायसॉलचं.

एवढंसं पाणी, साहेब.

मय्यतीला न्हाऊ घालून माझा भाऊ बाहेर आला, म्हणाला, "आपा, दुल्हाभाईंच्या अंगावर एक डाग न्हाई." मला तवा बरं वाटलं होतं.

लई थकले मी. उद्या शहाबानोला घेऊन येते. पिचकारी माझ्यासमोर धुवा.

शहाबानोची आई,
हुसेनबी