कॉम्प्युटरला हात कोणी लावला?

८ फेब्रुवारी २००८, शुक्रवार

बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला — आणि पडदा काळाच! आतून नुसतं लांबलचक पीं... जरा थांबून परत पीं... साडेतीन वाजले होते. चारला हे तिकडे शारजात कॅमेऱ्यासमोर बसणार. शुक्रवारी त्यांचा सुतारखाना बंद. आठवड्यातून तेवढा एकच तास आम्ही एकमेकांची तोंडं बघतो. अन्सू शाळेत काढलेला हत्ती पप्पाला दाखवायला धरून उभी होती. सहा वेळा बंद केला, सहा वेळा चालू केला. काही नाही.

पाचला यांचाच फोन. म्हटलं, अहो, कॉम्प्युटर सुरूच होत नाही. तर म्हणाले, "असू दे. जुना झाला असेल." जुना? मागच्या ओणमला तर घेतला! एरवी मला यायला पाच मिनिटं उशीर झाला तरी रुसतात. आज चिडले नाहीत. आवाज बसलेला होता, पण सुटका झाल्यासारखा वाटला. काय झालं विचारलं तर "सर्दी." आणि ठेवला.

बुधवारी संध्याकाळी चांगला चालू होता. मी स्वतः पाहिलाय.

९ फेब्रुवारी, शनिवार

पौलोसला बघायला सांगितलं. दीर आहे, वायरमन आहे, गावभर लोकांच्या मोटारी दुरुस्त करत फिरतो. दारात उभं राहून म्हणाला, "मदरबोर्ड गेला, चेच्ची. विसरा आता."

"उघडून तरी बघ ना!"

"उघडून काय दिसणार? आणि त्या दुकानवाल्यांना बोलावू नका हं. चांगले पार्ट काढून घेतात."

चहा न घेता गेला. पौलोस आणि चहा न घेता!

अम्मच्चीला तर आनंदच झालाय. "नोंबाचे, उपासाचे दिवस आहेत. मासे सोडले तसं हेही सोड. नाहीतरी नवऱ्याशी बोलायला लिपस्टिक कशाला लागते गं तुला?" सासू म्हणून ऐकून घेतलं. पण नोंद करून ठेवते — परवा गुरुवारी मी अन्सूला दाताच्या डॉक्टरकडे नेलं तेव्हा घरात ती एकटीच होती.

११ फेब्रुवारी, सोमवार

आज अम्मच्ची चर्चला गेल्यावर मीच हात घातला. लग्नाआधी बसस्टँडजवळच्या क्लासात तीन महिने घालवलेत. ते काही अगदी वाया गेले नाहीत!

आधी प्लग बदलून पाहिला. मग पडद्याची वायर काढून परत घट्ट बसवली. कीबोर्ड काढून ठेवला, कॅमेरा काढून ठेवला. तरी पीं चालूच. क्लासाची वही ट्रंकेत तळाशी सापडली. माझ्याच अक्षरात — लांब आवाज, थांबून परत लांब आवाज: मेमरी तपासा.

डबा उघडायला मागे गेले. दोन स्क्रू. एक पक्का, दुसरा बोटाने फिरला! झाकण बाजूला केलं. आत सगळीकडे धुळीचा थर आणि त्यात मधोमध बोटांचे ठसे. मेमरीची पट्टी जिथे बसते ती खाच रिकामी. दोन्ही टोकांच्या पांढऱ्या क्लिपा उघड्या. त्या दाबल्याशिवाय उघडत नाहीत.

बिघडलेला नाही. कोणीतरी काढून नेलीये.

कोणी?

१२ फेब्रुवारी, मंगळवार

विचारलं अम्मच्चीला. सरळ विचारलं. आवाज चढला माझा, चढायला नको होता.

"मी? त्या पेटीत हात घालू? सेलिन, मिक्सर लावायचा तरी मी तुला हाक मारते!"

खरं आहे ते. पण तोपर्यंत मी बरंच बोलून बसले होते — तुम्हाला आमचं बोलणं बघवत नाही, मुलगा फक्त तुमचाच राहायला हवाय, वगैरे. ती उलटून बोलली असती तर बरं झालं असतं. कांजीचं ताट उचललं आणि मागच्या पायरीवर जाऊन जेवली. एकटी.

मग कोण? चोर असता तर पूर्ण कॉम्प्युटर नेला असता. बोटभर पट्टी कोण नेईल?

१३ फेब्रुवारी, बुधवार

पौलोस तीन दिवस जेवायला आला नाही. रस्त्यात दिसला तर स्कूटर वळवली!

१४ फेब्रुवारी, गुरुवार

यांचा फोन. म्हटलं, उद्या मी अन्सूला घेऊन इंटरनेटच्या दुकानात बसते, तुम्ही चारला या. एकदम ओरडले — "कुठे जायचं नाही! सांगितलं ना, नको म्हणून!" अकरा वर्षांत एवढ्या मोठ्याने बोलले नव्हते. मग लगेच मऊ होऊन, "अन्सूचा दात कसा आहे?"

मी उत्तर देणार तेवढ्यात मागून आवाज आला. बाईचा. आपल्याच मल्याळममध्ये, यांचं नाव घेऊन, आणि लाडाने — "इनासुच्चेट्टा, पुरे झालं आता. ठेवा तो फोन आणि आडवे व्हा."

फोन बंद झाला.

आठ माणसांची खोली आहे म्हणतात. सगळे पुरुष. मग आडवे व्हा म्हणणारी ही कोण?

आता सगळं जुळतंय. कॅमेरा नको, दुकान नको, कॉम्प्युटर बंद पडला तर बरंच!

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

शाळा सुटायच्या आत बाजारात जाऊन मेमरीची पट्टी आणली. दुकानदार म्हणाला, "जुनी कुठे गेली? आपोआप तर पडत नाही." म्हटलं, तेच शोधतेय. कशी बसवायची ते त्याने दाखवलं — दोन्ही अंगठे ठेवायचे आणि टक् आवाज येईपर्यंत दाबायचं.

टक्! बटण दाबलं. एकदाच पीं — आणि पडद्यावर अन्सूचा बाप्तिस्म्याचा फोटो! मी एकटीच टाळ्या पिटल्या.

चार वाजले. साडेचार. पाच. पडद्यावर यांचं नाव करडंच राहिलं, म्हणजे तिकडे कोणी बसलेलंच नाही.

पौलोस आला तो पडदा उजळलेला बघून चौकटीतच थांबला. मी म्हटलं, "मदरबोर्ड गेला होता ना रे?" खाली बसला.

"चेच्ची, मी काढली. गुरुवारी, तुम्ही डॉक्टरकडे गेला होता तेव्हा. अम्मच्ची मागे धुणं धूत होती. तिला काही माहीत नाही."

"का?"

"चेट्टनने सांगितलं."

म्हणजे यांनीच! नवऱ्यानेच! का विचारलं, तर म्हणतो शपथ घातलीये. डोळे पुसत होता. भावाचं पाप झाकायला रडतोय! चालता हो म्हटलं.

१६ फेब्रुवारी, शनिवार

आज फोन मी केला. अन्सूला शेजारी पाठवलं आणि जे मनात होतं ते सगळं बोलले. म्हटलं, पौलोसने कबूल केलंय. बाईचा आवाज मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय. मी काय आंधळी आहे? अकरा वर्षं इथे तुमच्या आईची बोलणी खात बसलेय ती यासाठी? उद्या चार वाजता कॅमेरा लावा आणि मला ती दाखवा. नाही दाखवलीत तर सोमवारी मी मुलीला घेऊन माहेरी जाते, परत येणार नाही.

मला वाटलं नाकारतील, चिडतील. काहीच नाही.

"बरं," म्हणाले. "उद्या चारला."

१७ फेब्रुवारी, रविवार

चारला कॅमेरा लागला. पाठीमागे हॉस्पिटलचा पडदा, खाटेचा दांडा. हे केवढे वाळलेत! उजव्या कोपरावर पांढरं बँडेज, आणि कोपराच्या पुढे काहीच नाही.

"चार तारखेला, सोमवारी, हात करवतीत गेला," म्हणाले. "तुला बघायची होती ना ती? ही बघ. वॉर्डातली नर्स."

मी उठले, मागच्या पायरीवरून अम्मच्चीला हाताला धरून आणलं आणि माझ्या खुर्चीवर बसवलं.