कोरं तिकीट

पोरी,

गाडी घेऊन निघालोय. तुझ्या आईच्या लाडक्या बँडचा कार्यक्रम उद्या आहे, सहाशे किलोमीटरवर. आधी सांगितलं असतं तर तू किल्ली लपवली असतीस. ब्रेक तपासलेत, चष्मा घेतलाय. कुंड्यांना पाणी घाल.

दर वेळी मी तिला फाटकाशी सोडायचो आणि "तुझा धांगडधिंगा तुलाच लखलाभ" म्हणत गाडीत पेपर वाचत बसायचो. ती घसा बसवून परत यायची. काल कपाटात तिचा तिकिटांचा डबा सापडला. प्रत्येक कार्यक्रमाची दोन तिकिटं आहेत, एक फाडलेलं, एक कोरं. मला कधी सांगितलं नाही. उद्याचीही दोन आहेत, तुझी आई जायच्या महिनाभर आधी काढलेली.

या वेळी मी गाडीत बसणार नाही. परवा येईन. माझा घसा बसला असेल, तर काळजी करू नकोस.

बाबा