सोललेली देवी

ता. २ जानेवारी १८६५, अमरावती

आजही कोणी आलं नाही! शाळेच्या मागच्या खोलीत वऱ्हाडभरातून जमवलेल्या मूर्ती, चित्रं, जुनी वस्त्रं मांडली — मुलांनी पाहून चित्र काढायला शिकावं, गावानंही यावं म्हणून. सगळं गाव कापसात! शाळेचे कारभारी शेषराव पाटील दारातूनच म्हणाले, "मास्तर, हे गोटे कायले जमवून राहिले तुमी? संक्रांतीपर्यंत पायतो. गाव आलं नाई त मी अठी कापूस भरतो." मी नुसती मान हलवली. भित्रा!

ता. ३ जानेवारी

पार्बताबाई माळणीची देवी साफ केली. तिच्या मळ्याच्या धुऱ्यावर, बांधावर, होती ही. धुराही कापसासाठी नांगरला, तेव्हा म्हातारीनं विश्वासानं माझ्याकडे आणून ठेवली. चार लेकरं गेली बिचारीची. दर शुक्रवारी फुलं आणते आणि देवीशी कडाकडा भांडते — "तुले लेकरू असतं त समजलं असतं!"

बोटभर शेंदूर चढलेला, नुसता गोळा दिसायचा. गरम पाणी, चाकू, अख्खा दिवस. आणि आत — डोळे, हसू, कडेवर बाळ, त्याची मूठ आईच्या हारात! मुलांनी पाट्यांवर काढली. किती खूश होतो मी. गाढव!

ता. ४ जानेवारी

"मास्तरानं देवी सोलली!" गावभर हेच. बावीसपैकी तीन मुलं आली. नत्थुजी शिपाई तोंड फिरवून म्हणाला, "शेंदराची खोळ देवी आपल्या मनानं टाकते, मास्तर. माणसानं ओरबाडू नाई." मला ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं! शिकवण्याच्या तोऱ्यात विसरलो.

ता. ६ जानेवारी

शुक्रवार. पार्बताबाई आली नाही.

ता. ९ जानेवारी

एकही मूल नाही. शाळाच बुडवली मी. लोकांना पाहायला शिकवायला निघालो, आणि जिची देवी तिला साधं विचारलंही नाही! त्या खोलीत बसवत नाही. जगण्यात राम उरला नाही. राजीनामा लिहून ठेवला.

ता. १२ जानेवारी, संक्रांत

दारात कापसाच्या गाड्या, पाटील हजर. तेवढ्यात पार्बताबाई आली — हातात शेंदराची वाटी. मी पाय धरले. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. देवीपाशी बसली, बाळावरून बोट फिरवत राहिली.

"चाळीस वर्स भांडली मी इच्याशी. आन् इच्या त कडेवरच हाय."

वाटी तशीच पदराखाली घेतली आणि गाड्यांसमोर जाऊन बसली. "पाटील, आदी गावातल्या बाया इले पायतीन. मंग बोला कापसाचं."