गायक अज्ञात, बहुधा मृत

१ सप्टेंबर १९८६
जग शेवटी ताळ्यावर आलं. १९५७ साली, एकोणिसाव्या वर्षी, इथल्या बियाण्यांच्या गोदामात मी रेकॉर्ड केलेलं ‘दार उघड, ट्विला’ एका एलपी रेकॉर्डवर आलंय! मेम्फिसचा कुणी रँडल, दुकानदार, त्याने असली विसरलेली सोळा गाणी गोळा केली. माझं पंधरावं. कव्हरवर माझ्याबद्दल एकच ओळ: ‘गायक अज्ञात, बहुधा मृत.’

मृत! आज सकाळीच चार गरम, मऊ, लोणीदार बिस्किटं ग्रेव्हीत बुडवून खाल्ली.

संकल्प: नाव छापून घेणे. व्हर्लिन टॅकेट, शेवटी दोन टी. बिस्किटं बंद.

३ सप्टेंबर
रँडलला फोन केला. मी जिवंत आहे म्हटल्यावर त्याचा आवाज एकदम पडला. आनंदाने असणार. म्हणाला, मिस्टर टॅकेट, दुसऱ्या कडव्यानंतर तुम्ही जी किंकाळी फोडलीत ना, तिच्यापायी लोक वेडे झालेत. सुबक गाणारे पैशाला पासरी मिळतात. असलं वेडंवाकडं, कुणाच्या तरी गोदामात एकदाच घडलेलं, कुठे मिळतं हो? ‘वेडंवाकडं’ हा मेम्फिसकडे गौरवाचा शब्द असावा.

४ ऑक्टोबरला त्याच्या दुकानात गायचं. रंग जमला तर पुढच्या आवृत्तीत नाव.

नदीन, म्हणजे बायको, मध्येच बोलली. किंकाळी कसली, तुझी बोटं दारात सापडली होती. मालगाडीचा आवाज यायला लागला म्हणून मीच दार ओढलं.

जळते. तेव्हा ती त्या गोदामात कोंबड्यांचं खाद्य मोजायची. तिला कलेतलं काय कळणार?

९ सप्टेंबर
बुटांच्या दुकानातली नोकरी सोडली. जागा राखून ठेवतो असं म्हणायची मालकाला संधीच दिली नाही. त्यानेही घेतली नाही.

बिस्किटं दोन. घशाला लोणी लागतं.

१७ सप्टेंबर
चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंकडे शिकवणी लावली. किंकाळीतला रानटीपणा काढून टाकला. आता ती हळुवार सुरू होऊन शेवटी थरथरते. नदीनने ऐकली. म्हणाली, भाचीच्या लग्नात खपेल.

तिला समजावलं, कार्यक्रमात मागे उभी राहा. गाणं ट्विलावर आहे, तुला पाहून लोक खट्टू होतील. ती भांडी घासत राहिली. मग मी सहज विचारलं, माझ्याशी लग्न का केलंस? म्हणाली, बोटं फार सुजली होती, दया आली.

कधीकधी बरा विनोद करते.

४ ऑक्टोबर, दुपारी
गुलाबी जाकीट तयार. बटणं लागत नाहीत. तशीच फॅशन आहे.

५ ऑक्टोबर
डाव्या हाताने लिहितोय.

साठेक माणसं. सूर एकही चुकला नाही. दुसरं कडवं संपलं, नवी किंकाळी घेतली, शेवटी थरथरवली. एकजण म्हणाला, हा तो नव्हेच. दुसरा म्हणाला, तो मेलाय रे, कव्हरवर छापलंय ना. रँडल आपल्या बुटांकडे बघत बसला. मला रडू येत होतं. जाकिटामुळे असेल.

आधाराला मागच्या कोठीच्या चौकटीवर हात ठेवला. तेवढ्यात नदीन माझ्याजवळ आली. म्हणाली, हात तिथेच ठेव, व्हर्लिन. २९ वर्षांत तिने इतक्या प्रेमाने काही सांगितलं नव्हतं. ठेवला.

तिने दार ओढलं.

तोच सूर! तंतोतंत! लोक खुर्च्यांवर चढले. नदीनला उचलून काउंटरवर बसवलं, तिने अकरा रेकॉर्डवर सह्या केल्या. फोटोत येतोय म्हणून मला जरा बाजूला व्हायला सांगितलं.

२५ ऑक्टोबर
दोन बोटं मोडलीत. बुटांच्या दुकानात माझ्या जागी नवा माणूस.

नवी आवृत्ती पोस्टाने आली. ठळक अक्षरात ‘दार: नदीन टॅकेट’. दोन टी बरोबर छापलेत. त्याखाली ‘गायक अज्ञात, बहुधा मृत’.

रँडलला फोनवर झाडला. तो म्हणाला, छापण्याआधी मी मिसेस टॅकेटना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, राहू द्या तसंच. खोटं काय आहे त्यात?

आज पुन्हा कार्यक्रम आहे. फक्त नदीनला बोलावलं. दारात द्यायला बोटं तिथलीच कुणाची तरी मिळतात म्हणे, रांग लागलीय.

रँडलला खरमरीत पत्र पाठवणार. नदीन परत आली की मजकूर तिलाच लिहून घ्यायला सांगतो. हात अजून बांधलेला आहे.